भावोजींचं पोट

आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी कॉलर बघतात. जन्मभर नाटक कंपनीचे कपडे शिवले ना! दारात कोणी उभं राहिलं की 'या, बसा'च्या आधी 'डावा खांदा उतरलाय हो तुमचा' असं ऐकू येतं. मी पहिल्यांदा या घरात आले तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाल्या होत्या, "मुलगी चांगली आहे, बाही चुकली आहे." मला फार राग आला होता. अजून आहे थोडा.

आमचं दुकान जुनी चित्रं दुरुस्त करण्याचं. पुढच्या खोलीत आमचे हे चौकटी करतात आणि भुशात माखून घेतात. मागच्या खोलीत मी कागद धुते, वाळवते, सांधते. आणि खिडकीजवळच्या खुर्चीत आई. त्यांच्या मनगटावर सुयांची उशी कायम बांधलेली. एक फाटली की हाताला लागेल ती चिंधी घ्यायची, ह्यांच्याकडचा भुसा भरायचा, की झाली दुसरी. ती बांधूनच जेवतात आणि ती बांधूनच हातवारे करतात. त्यामुळे आमच्याकडे वाद घालायचा तर हातभर लांब उभं राहून घालावा लागतो.

चित्रांच्या दुकानात शिवणाऱ्या बाईचं काय काम, असं गिऱ्हाईक विचारतं. आता काम असतं म्हणून तर बसवलंय ना त्यांना! जुन्या छापील चित्रांत एक प्रकार असतो कपडे घातलेल्या चित्रांचा. चित्रातल्या माणसाच्या अंगरख्याची जागा धारदार पात्याने कापून काढायची आणि कागदाच्या मागून खरं कापड चिकटवायचं. चेहरा, दाढी, हात कागदाचे. अंगरखा खऱ्या रेशमाचा किंवा मखमलीचा. पूर्वी परक्या दरबारात उस्मानी सुलतानाचा एलची, म्हणजे राजदूत, आला, की ते मोठं पागोटं नि तो पायघोळ झगा बघायला माणसं लोटायची. छापखानेवाले लगेच त्याचं चित्र काढून विकायचे. आणि घरोघरच्या हौशी बायका त्या एलचीला आपल्या पेटीतल्या तुकड्यांनी नटवायच्या. बाहुल्या सजवाव्यात तशा, पण दाढीवाल्या.

असे दोन एलची घेऊन एक दिवस दातांचे डॉक्टर आले. म्हातारे, उंच, वाकलेले. आमच्या ह्यांची एक दाढ त्यांनीच काढलेली होती, त्यामुळे हे त्यांच्याशी जरा अदबीनेच, ओठ मिटून बोलत होते.

"दवाखाना बंद केला," डॉक्टर म्हणाले. "मुलाच्या घरी राहायला जातोय. ही दोन चित्रं दवाखान्यात बाहेरच्या खोलीत होती. कागद साफ करा. बाकी आहे तसं राहू द्या. आणि काच लावू नका."

काच नाही म्हटल्यावर ह्यांचा चेहरा पडला. "अहो डॉक्टर, धूळ बसेल. कसर लागेल."

"हिला चालत नाही काच."

"का हो?"

"चालत नाही."

घ्या! ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांची तोंडं उघडायला लावली, त्यांना स्वतःचं तोंड उघडायला काय जड जातं कोण जाणे. त्या दिवशी एक वाक्य जास्त बोलले असते, तर पुढचं रामायण टळलं असतं.

मी चित्रं उलटी करून कामाला लागले. पहिला एलची तांबड्या रेशमातला, हातात खलिता, नाक सरळ. त्याचं रेशीम अजून तजेलदार होतं. दुसरा तपकिरी मखमलीतला. हा जरा गोल, गालफडं भरलेली, झग्याच्या कडेला खऱ्या फरची पट्टी. बघून वाटावं, हा तहाची बोलणी करायला आला नसून जेवायला आला आहे. कागदावर ओलीचे डाग होते, म्हणजे धुणं आलंच, आणि धुवायचं तर मागचं कापड सोडवणं आलं. मी जुनी खळ भिजवून दोन्ही कापडं अलगद सोडवली, आईंच्या पुढ्यात ठेवली आणि कागद पाण्यात सोडला.

थोड्या वेळाने खिडकीकडून आवाज आला, "शी!"

"काय झालं?"

"एवढा सुलतानाचा माणूस, आणि पोटावर टक्कल!"

खरंच होतं. मखमलीची लव पोटावर पार झिजून गेली होती. तळव्याएवढी जागा गुळगुळीत, खालचा ताणाबाणा दिसत होता.

"आई, आहे तसं राहू द्या म्हणालेत डॉक्टर."

"दातांचा डॉक्टर ना तो? किडलेला दात आहे तसा राहू देतो का?"

आईंना द्यायचं उत्तर मला नेहमी भांडी घासताना सुचतं.

मग त्यांनी जे केलं ते मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. उठून आपली ट्रंक उघडली, तळातून एक पुडकं काढलं आणि त्यातून मखमल बाहेर आली. पिकल्या जांभळासारखा रंग. नाटकातल्या राजाच्या झग्यातून उरलेला तो तुकडा त्यांनी माझ्या बाळाच्या टोपड्यालासुद्धा दिला नव्हता.

"हा झगा घालून राजा रंगमंचावर आला ना, की पहिल्या पावलाला टाळ्या पडायच्या," आई म्हणाल्या. "लोकांना वाटायचं नटाला पडतात. नटालाही तेच वाटायचं. मी पडद्यामागे दातात दोरा धरून उभी. शिवणारीला कोण बघतंय?"

हे असं त्या सहसा बोलत नाहीत. आणि खरं सांगते, ती मखमल एलचीच्या अंगावर चढली तेव्हा मी 'वा!' म्हणाले. हे तर काचेविना चौकट ठोकायचं दुःखसुद्धा विसरले. आईंनी दोन पावलं मागे जाऊन मान तिरकी केली. "आता कसा, मुलीच्या लग्नात उभा राहिल्यासारखा दिसतोय!"

चित्रं न्यायला डॉक्टर आले ते बायकोला घेऊन. काकू ठेंगण्या, हसऱ्या, काळा चष्मा लावलेल्या. डॉक्टरांचा कोपर धरून पायरी चढल्या. आई सकाळपासून केसांना तेल लावून तयार होत्या. त्यांनी मखमलवाला एलची दोन्ही हातांनी उचलून काकूंच्या तोंडासमोर धरला.

"बघा!"

काकू नुसत्या हसल्या. मग त्यांनी हात पुढे केला, तो चित्राच्या बराच बाजूला गेला. "कुठे आहे?"

मी डॉक्टरांकडे असं बघितलं की बस्स. एवढी गोष्ट माणूस सांगत नाही? डॉक्टर खाली बघत पुटपुटले, "हिला दिसत नाही आता. हळूहळू गेलं."

"हो, माझे डोळे गेलेत आणि यांची वाचा," काकू म्हणाल्या. "तुम्ही संकोचू नका हो. काच का नको ते कळलं ना आता? काचेवरून हात फिरवून काय कळणार, सगळ्या काचा सारख्या. द्या, आधी रेशीमवाला द्या."

मी चित्र टेबलावर आडवं ठेवलं. कागदाला हात लावू नका म्हणून मी गिऱ्हाइकांवर खेकसत असते, पण काकूंचं बोट असं हलकं की मी अडवलंच नाही. पागोट्यावरून, दाढीवरून बोट गेलं आणि रेशमावर आल्यावर पूर्ण हात पसरला. "हं. हे साहेब. यांना मी कधी नाव ठेवलं नाही, फार ताठ आहेत. आता आमचे भावोजी आणा."

"भावोजी?" हे म्हणाले.

"दुसरा हो, गोल. दवाखान्यात सकाळी कुलूप काढलं की हा आपला भिंतीवर बसलेला. काम नाही, धंदा नाही, उठायचं नाव नाही. मग भावोजी नाही तर काय म्हणणार? मी नंबर द्यायला बसायचे. पोरं घाबरून रडायला लागली की मी त्यांचा हात धरून याच्या पोटावर फिरवायचे. म्हणायचे, भावोजींच्या पोटावर हात फिरवला की दुखत नाही. पोरांच्या आया आणि बापसुद्धा गुपचूप फिरवायचे."

ह्यांचे कान लाल झाले. म्हणजे दाढेच्या वेळी यांनीही फिरवला होता तर!

मी आईंकडे बघितलं. त्या चित्रं पुसायच्या फडक्याला घट्ट धरून उभ्या होत्या.

काकूंचं बोट फरवरून आत आलं, मखमलीवर चढलं आणि थांबलं. पुन्हा फरपाशी गेलं, पुन्हा आत आलं. मग तळवा. हसू हळूहळू विरलं.

"हा आमचा नाही."

"अगं, तोच आहे," डॉक्टर म्हणाले.

"नाही. हा दुसरा कोणीतरी आहे. चित्र बदललं असेल दुकानात, चूक होते माणसाकडून." मग आवाज बारीक झाला. "का माझंच चुकतंय? आता बोटांनाही कळेनासं झालं का?"

ते ऐकून मला रडूच आलं, लपवून काय करायचं. बाई डोळे गेल्याचं हसून सांगत होती, आणि आता स्वतःच्या बोटांवरचा तिचा विश्वास जात होता, तोही आमच्या दुकानात, आमच्यामुळे.

"तुमचं नाही चुकत," आई एकदम म्हणाल्या. "माझं चुकलं. मखमल मी बदलली. पोटावरची लव गेली होती, मला बघवेना."

डॉक्टर पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. "मी सांगितलं होतं, आहे तसं राहू द्या! नव्या घरात तिला काही ओळखीचं नाही. भिंती नव्या, पलंग नवा, दारं भलतीकडे. रात्रंदिवस चाचपडते. म्हटलं, पलंगाशेजारी हे लावू, हात लावला की तिला..."

"अहो, एवढी जुनी चिंधी..." आईंनी सुरुवात केली, आणि स्वतःच थांबल्या. मग काकूंना म्हणाल्या, "बसा तुम्ही. मी कापडाचा तुकडा कधी फेकलेला नाही, ही माझी सून साक्षीला आहे. आमची भांडणंच त्यावरून होतात. घरात असणारच."

हे मात्र शंभर टक्के खरं. आईंचं चिंध्यांचं बोचकं म्हणजे आमच्या घरातलं आणखी एक माणूस. आम्ही ते ओढत आणून दुकानाच्या मधोमध सोडलं. मला वाटलं, तपकिरी मखमल म्हणजे किती असणार? अहो, ढीग निघाला! खुर्च्यांची, पडद्यांची, दागिन्यांच्या डब्यांची, सरदारांच्या कोटांची. डोळ्यांनी सगळी सारखीच तपकिरी. मी एकेक तुकडा काकूंच्या हातात देऊ लागले.

"हा सोफा," काकू म्हणाल्या. "हा पडदा, एकीकडे उन्हाने कडक झालाय. ही कुणाची तरी बाही, कोपरावर झिजलीय, फार विचार करणारा असेल."

"तो आमचा प्रधान," आई म्हणाल्या. "टेबलावर कोपर टेकून बसायचा सगळा अंक."

"आणि हे काय? हे आमच्या भावोजींचंच आहे! खांद्याकडचं. पण पोट कुठाय?"

खरंच, एलचीच्या झग्याचा वरचा भाग होता, दोन्ही खांद्यांसकट. खाली मात्र गोल भोक. तिथलं कापड कोणीतरी कात्रीने कापून नेलेलं. आमच्या घरात कात्री चालवणारं 'कोणीतरी' एकच आहे. सगळ्यांनी आईंकडे बघितलं.

"मी कशाला कापीन?" आई म्हणाल्या. पण कपाळाला आठ्या पडल्या. त्यांना आठवेना. बोचकं तळापर्यंत उपसलं, हे टेबलाखाली शिरले, डॉक्टर मुळात वाकलेलेच, ते तसेच केराचा डबा बघून आले. पोट काही मिळेना.

आईंनी पदर डोळ्यांना लावला. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, आणि बघवतही नव्हतं. भांडायला माणूस धडधाकटच हवं. त्या काकूंच्या पुढ्यात जमिनीवर बसल्या आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "ताई, माझ्या हौसेपायी तुमचा माणूस गमावला मी. माफ करा मला."

काकूंची बोटं आईंच्या हातावरून वर सरकली, मनगटावर गेली, आणि तिथेच थांबली. अंगठा हळूहळू गोल फिरला. चेहऱ्यावर असं हसू आलं की काळ्या चष्म्याआडूनही ते दिसलं.

"अगं बाई! भावोजी, तुम्ही इथे बसलात होय?"

आईंनी मनगटाकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. सुयांची उशी! तपकिरी, गुळगुळीत, मधोमध लव गेलेली. लव गेलेल्या जागी सुई पटकन शिरते, म्हणून जुनी उशी फाटल्यावर हाताशी पडलेल्या तुकड्यातून नेमकं तेच पोट त्यांनी कापून घेतलं होतं. आणि ते मनगटावर बांधूनच आई आमच्याबरोबर दुकानभर शोधत होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! आधी ह्यांना हसू फुटलं, मग डॉक्टरांना. डॉक्टर हसले तेव्हा कळलं की त्यांचे स्वतःचे दात किती छान आहेत.

"आई," मी डोळे पुसत म्हणाले, "म्हणून मी म्हणते, ते बोचकं एकदा आवरा."

"आणि आवरलं असतं तर आज काय मिळालं असतं?" आई तिथल्या तिथे म्हणाल्या. माणूस पूर्ववत झालं होतं.

सुया काढल्या, भुसा झाडला. काकू म्हणाल्या, "तुमची नवी मखमल सगळी काढू नका हो. हाताला इतकी गोड लागते. कोट नवा राहू दे, पोट तेवढं जुनं बसवा."

म्हणजे राजाच्या मखमलीला भोक पाडायचं आणि त्यात झिजका तुकडा जोडायचा. नव्या कापडाला जुनं ठिगळ! जिने कधी मापात सूतभर फरक खपवून घेतला नाही त्या बाईला हे सांगायचं. आईंनी कात्री उचलली आणि हो म्हणाल्या. पुढचे काही दिवस त्या खिडकीशी चष्म्यावर चष्मा चढवून बसल्या होत्या. मला जवळ येऊ देत नव्हत्या. एकदा टोक जोडायच्या, पुन्हा उसवायच्या. शेवटी चित्र माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "सांग, टाका कुठे दिसतोय?" मी भिंग घेऊन बघितलं. रंग दोन, पण देवाशप्पथ, टाका एक दिसला नाही.

काकू आल्या त्या दिवशी आईंनी 'बघा' म्हटलं नाही. काकूंचा हात धरून स्वतःच नेऊन मखमलीवर ठेवला. बोटं जांभळ्या लवेतून चालत पोटाशी आली, गुळगुळीत जागेवर स्थिरावली. काकूंनी मोठा श्वास सोडला.

"दिसलं," त्या म्हणाल्या. "बाकडं दिसलं. ती वेण्यांची मुलगी दिसली, कायम रडायची. हे आतून 'पुढचा!' म्हणून ओरडतायत. पण भावोजींच्या अंगावर काटा का आलाय हो?"

"सुयांची भोकं आहेत ती," आई ओशाळून म्हणाल्या. "बुजली नाहीत."

"असू देत. आणि ही कड? इथे शिवण लागते बोटाला."

आईंचा चेहरा उतरला. मला तर काकूंचा राग आला. एवढं जीव ओतून केलेलं काम, भिंगाखालीही टाका दिसला नाही, आणि या बाईने शोधून काढला. "लागते का?" आई म्हणाल्या. "मग उसवते. पुन्हा करते."

"अहो, नको! काय सांगते ऐका तरी." काकूंनी त्यांचा हात घट्ट धरला आणि शिवणीवर टेकवला. "मला नवीन माणसं दिसत नाहीत आता. जी आधी बघितली तेवढीच आहेत माझ्याकडे. पण या शिवणीवर बोट आलं की तुम्ही दिसता. खिडकीजवळ बसलेल्या, मनगटावर उशी, सुनेशी भांडताय. रोज दिसाल मला."

टाळ्या ऐकायला पडद्याबाहेर बोलावलं तर माणूस गोंधळून उभं राहतं, तशा आई उभ्या राहिल्या. मग एकदम माझ्याकडे वळल्या. "तोंड काय बघतेस? चहा टाक. आणि डॉक्टर, जाण्याआधी तो कोट इकडे द्या, खांदा उतरलाय."